स्टोडर्डांच्या कप्प्यातली खुर्ची

आमच्या वेस्ट हार्लो गावात कोण किती पाण्यात आहे हे बघायचं असेल तर त्याच्या शेतावर जाऊ नये, रविवारी चर्चमध्ये यावं. इथले बाक सगळ्यांचे नाहीत. प्रत्येक घराचा आपापला कप्पा असतो: भोवती छातीइतक्या उंचीच्या लाकडी भिंती, कप्प्यांच्या मधल्या बोळाकडे उघडणारं एक बुटकं दार, आणि आत सरळसोट पाठीचं बाक. कप्पा विकत घ्यायचा, त्याचा कागद करायचा, दरवर्षी कर भरायचा, आणि आपण मेलो की तो गाईगुरांसारखा मुलांमध्ये वाटून द्यायचा. पुढच्या कप्प्यात प्रवचन जास्त समजतं असं काही नाही. पण पुढे बसलेला माणूस मागच्या सगळ्यांना दिसतो, आणि भाव असतो तो त्या दिसण्याला. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी गावचा दुकानदार आणि चर्चच्या मंडळाचा कारकून. कर मीच गोळा करतो. कोण हसत देतो आणि कोण देताना खोकतो, हे मला पाठ आहे.

कॅप्टन स्टोडर्ड मेले तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात गाई नावांनिशी वाटल्या, किटल्यासुद्धा वाटल्या. फक्त चर्चमधल्या कप्प्यापाशी आल्यावर लिहिलं, ‘दोन्ही मुलींना अर्धा अर्धा.’ कोणता अर्धा कोणाचा, ते नाही. शहाणा माणूस, पण त्यांना वाटलं असेल, सख्ख्या बहिणी आहेत, बसतील.

बसल्या. अंत्यविधीनंतरच्या पहिल्याच रविवारी धाकटी लव्हिना आधी येऊन दाराशी बसली. दाराजवळची जागा मानाची, तिथे बाप बसायचा. थोरली केझाया आली आणि बोळात उभी राहिली.

“ती जागा माझी आहे, लव्हिना.”

“कुणी ठरवलं?”

“मी थोरली आहे.”

“आणि मी आधी आलेय.”

त्यानंतर त्या दोघींत एक शब्द झाला नाही. दर रविवारी लव्हिना गुडघे वळवायची, केझाया घागरा आवरून आत भिंतीकडे सरकायची, आणि दोघी एकाच बाकावर दोन वेगवेगळ्या गावांतल्या असल्यासारख्या बसायच्या. एकीनं आपला अर्धा भाग विकावा म्हणून मी खटपट करून पाहिली. गिऱ्हाईक मिळेना. अर्धा कप्पा घेणं एक वेळ परवडतं, पण शेजारी स्टोडर्डांची मुलगी घेणं कोणाला परवडणार?

लव्हिनानं गिरणीवाल्या हॅस्केलशी लग्न केलं, ती विधवाही झाली, आणि टेकडीवरच्या पांढऱ्या घरात तिचं बरं चाललं होतं. केझायानं लग्न केलं नाही. ती घरोघर जाऊन पुरुषांचे कपडे शिवायची. पाद्र्यापासून लोहारापर्यंत गावातला एकही रविवारचा कोट तिच्या हाताखालून न गेलेला नव्हता. आम्ही तिघं एकाच शाळेत शिकलो, म्हणून दोघीही मला अजून एलिफच म्हणतात, आणि दोघीही माझ्याकडून वजनात मारलं जात नाही ना ते तराजूत वाकून बघतात.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात केझाया बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आणि सांधलं तेही वाकडं. काठी घेऊन ती चालायची, बसायचीही, पण स्थिर बसणं तिला जमेना. सांधा जरा वेळ हलला नाही की गोठलेल्या हातपंपासारखा आखडायचा आणि मग अशी कळ यायची की ओठ पांढरे पडायचे. घरी तिच्याकडे झुलती खुर्ची होती. दिवसभर अगदी थोडी थोडी झुलत ती शिवायची, आणि त्या हलण्यावर तिचा खुबा चालू राहायचा. चर्चमधल्या बाकावर मात्र पहिली प्रार्थना संपायच्या आत तिला घाम फुटला. दोघांनी धरून बाहेर नेलं. त्यानंतर ती आली नाही.

आमच्याकडे चर्चला न जाणं म्हणजे अर्धं मरणं. लग्न ठरलेलं तिथे कळतं, मढं उठणार ते तिथे कळतं, कोणाला कोट हवा तेही तिथेच कळतं. मी सामान द्यायला गेलो की केझाया काहीतरी टोमणा मारायची, बहुधा चर्चचे मानकरी डीकन बिगेलो यांच्यावरून.

“डीकन बिगेलोचा कोट कसा बसतोय रे मागून?”

“छान बसतोय.”

“तुला काय कळतंय. मला बघायला हवं.” मग हातातलं काम खाली ठेवून म्हणायची, “घंटा होते ना रविवारी, एलिफ, तेव्हा घर फार मोठं होतं.”

एक दिवस तिनं मला आणि अ‍ॅन्सेल विटकोमला बोलावलं. अ‍ॅन्सेल म्हणजे ओढ्यावर ज्याचा खुर्च्यांचा कारखाना आहे तो. कारखाना हे त्याचं म्हणणं. पाण्याच्या चाकावर फिरणारं एक लेथ, एक छप्पर आणि लाकडाचा भुसा, असं माझं म्हणणं. पण त्याच्या झुलत्या खुर्च्या बोस्टनपर्यंत जायच्या.

“अर्धा कप्पा माझा आहे का?” केझायानं मला विचारलं.

“आहे. कर भरलायस.”

“मग माझ्या अर्ध्यातलं बाक माझं.” ती अ‍ॅन्सेलकडे वळली. “ते कापून काढ, आणि तिथे माझी ही खुर्ची नेऊन ठेव.”

“चर्चमध्ये झुलती खुर्ची, केझायामावशी?” अ‍ॅन्सेल म्हणाला. गावातली सगळी तरुण मंडळी तिला मावशीच म्हणतात.

“देवानं झुलू नये असं कुठे सांगितलंय ते दाखव. मी वाचलंय सगळं.”

अ‍ॅन्सेलनं बाक कापलं. करवत बरोबर मधोमध चालवली. तिथे तर मीही फूटपट्टी घेऊन उभा होतो.

पहिल्या रविवारी काय झालं ते गावात अजून सांगतात, आणि दरवर्षी त्यात थोडी भर पडते. मी आहे तेवढंच सांगतो. झुलत्या खुर्चीच्या खालच्या वाकड्या पट्ट्या मागे लांब निघालेल्या असतात. घरात त्यांना जागा असते. कप्प्यात नव्हती. केझाया जरा मागे झुकली की पट्टीचं टोक मागच्या भिंतीवर आपटायचं, आणि त्या भिंतीला पलीकडून पाठ टेकून डीकन बिगेलो बसलेले. ठक. पाद्री थांबले, पुन्हा सुरू झाले. ठक. डीकन पुढे सरकून बसले.

दुसरी गोष्ट वाईट होती. झुलती खुर्ची चालते. प्रत्येक झोक्याला केसभर सरकते. घरात ती शेगडीकडे सरकत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे ती लव्हिनाकडे चालली होती. मोठ्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले, केझायाला मात्र बसायची परवानगी होती. सगळीकडे शांतता. लव्हिनाही उठायला गेली, आणि तिच्या काळ्या रेशमी घागऱ्याची कड खुर्चीच्या पट्टीखाली. कापड फाटल्याचा आवाज वरच्या सज्ज्यातल्या गायकांपर्यंत गेला. लव्हिनानं कड ओढून सोडवली. केझायानं वर पाहिलं नाही. ज्या बाईनं गावभर शिवण घातली तिच्या खुर्चीनं शिवण उसवावी, याची लाज तिला किती वाटली असेल ते तिच्या मानेवरून दिसत होतं.

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली. बैठकीत पुरुषच असतात. झुलत्या खुर्च्या चर्चमध्ये आणू नयेत असा ठराव डीकन बिगेलोंनी मांडला.

“खुर्चीत दोष नाही,” अ‍ॅन्सेल म्हणाला. “जागा अरुंद आहे.”

“ठोके माझ्या पाठीत बसले, अ‍ॅन्सेल. तुझ्या नाही.”

“त्या बाईला दुसरं कशावर बसता येत नाही.”

“मला तिच्याबद्दल वाईट वाटतं.” आणि ते खरं होतं, डीकन कठोर नव्हते, फक्त सरळ होते, जसं आमचं बाक. “पण उद्या प्रत्येक जण आपापल्या घरातलं काही ना काही घेऊन येईल. जोएल पलंग आणेल, तो प्रवचनात तसाही झोपतोच.”

लोक हसले. अ‍ॅन्सेल हसला नाही. डीकनही नरमले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “अशी खुर्ची आण, जी झुलते पण चालत नाही, आपटत नाही आणि वाजत नाही. मग मी स्वतः मत बदलीन.”

चालणार नाही असा घोडा आण म्हणावं, तसं होतं ते. पुन्हा हशा झाला. ठराव मंजूर झाला. पण अ‍ॅन्सेल बाहेर पडताना माझ्या बाहीला धरून म्हणाला, “ऐकलंत ना तुम्ही? सगळ्यांसमोर म्हणालेत ते.”

केझायाला ठरावाची बातमी मीच दिली. ती म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं,” आणि सुईत दोरा ओवायला लागली. तिची सुई एरवी एका फटक्यात ओवली जाते. त्या दिवशी मी निघेपर्यंत ओवली गेली नव्हती.

अ‍ॅन्सेल महिनाभर दुकानात आला नाही. आला तेव्हा नाकापर्यंत भुसा. माझ्या पाठीमागच्या खोलीत त्यानं एक विचित्र वस्तू आणून ठेवली. “खुर्ची जमिनीवर झुलते म्हणून चालते,” तो म्हणाला. “मग जमीनच खुर्चीला जोडून टाकली तर?”

वर खुर्ची. तिच्या पायांना दोनच आखूड वाकड्या पट्ट्या. त्या जमिनीवर टेकायच्याच नाहीत. त्यांच्याखाली एक चौकट, चौकटीवर दोन सपाट दांडे, आणि पट्ट्या झुलायच्या त्या दांड्यांवर. वरची खुर्ची आणि खालची चौकट यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी स्प्रिंगनं बांधलेलं, म्हणजे झोका गेला तेवढाच परत यायचा आणि खुर्ची तसूभर सरकायची नाही. मागे काही निघालेलं नाही, पुढे काही नाही. घोडागाडीच्या बैठकीखालचे स्प्रिंग लोहाराकडून आणलेले.

“बसा,” तो मला म्हणाला.

मी बसलो. माझ्या अंगाचं माप गावाला माहीत आहे, तेव्हा ते इथे देत नाही. खुर्ची मागे गेली, पुढे आली, बोटीसारखी. मला इतकं बरं वाटलं की गिऱ्हाईक आलं तरी उठावंसं वाटेना. अ‍ॅन्सेलनं पुढचा आठवडाभर माझ्यावरच प्रयोग केले. स्प्रिंग जरा पुढे, जरा मागे. मी बसून राहायचो आणि डोनट खायचो. शेवटी त्याला वाटलं, जमलं, आणि ती खुर्ची गाडीत घालून आम्ही केझायाकडे नेली.

ती बसली. काहीच झालं नाही. तिनं पाय रेटले. खुर्ची जागची हलेना. ती दोन वर्षांत इतकी वाळली होती की त्या स्प्रिंगना वर कोणी बसलंय याचा पत्ताच नव्हता.

“छान आहे,” केझाया म्हणाली. “कोणासाठी केलीस?”

“तुमच्यासाठी, मावशी.”

“नाही रे. एलिफसाठी केलीस. माझ्यासारख्या आणखी दोघी मांडीवर घेतल्या तर हलेल कदाचित.”

अ‍ॅन्सेलचे कान लाल झाले. मी खिडकीबाहेर बघितलं. खुर्ची तिच्यासाठी होती आणि वजन माझं घेतलं, ही चूक त्याची होती खरी, पण डोनट मी खाल्ले होते.

मग त्यानं लोहाराकडून बारीक तारेचे स्प्रिंग वळून घेतले आणि ते केझायालाच बसवून जुळवले. ती आता नुसता श्वास घेतल्यासारखी हलली तरी खुर्ची हलायची. पण लाकडावर लाकूड घासून किरकिर यायला लागली. केझायानं तिच्या चिंध्यांच्या पेटीत हात घातला आणि जाड लोकरी कापडाची एक पट्टी काढली. “ही दांड्यांवर चिकटव.”

किरकिर थांबली.

“चांगलं कापड आहे,” मी म्हणालो.

“असणारच. डीकन बिगेलोच्या कोटाचं उरलंय.”

राहिली एकच गोष्ट, आणि तीच अवघड. चौकट कप्प्यात मावण्याइतकी आखूड केल्यामुळे मागे झोका गेला की अख्खी खुर्ची उलटण्याची भीती होती. ती जमिनीला स्क्रूनं पक्की करावी लागणार होती. बाक अर्धं कापता येतं. पण कप्प्याची फळ्यांची जमीन दोघींची मिळून होती, आणि मंडळाचा नियम असा की सामाईक जमिनीला दोघांच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. हा नियम मीच एकदा दोन भावांच्या भांडणात लिहिला होता, आणि तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला होता.

“लव्हिनाला विचारायला हवं,” मी केझायाला सांगितलं.

“तू विचार.”

“ती म्हणेल, तू का नाही विचारलंस.”

“मग सांग तिला, मला टेकडी चढवत नाही.”

“आणि चढवली असती तर?”

केझायानं मान खाली घातली. “तर टेकडी चढवत नाही असंच सांगितलं असतं.”

मी टेकडी चढलो. लव्हिनानं सफरचंदाचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ कापून पुढ्यात ठेवला आणि समोर हाताची घडी घालून बसली. मी डीकनचं बोलणं सांगितलं, नवी खुर्ची सांगितली, स्क्रू सांगितले.

“घागरा नवा होता तो,” ती म्हणाली.

“ही खुर्ची चालत नाही.”

“अ‍ॅन्सेलची प्रत्येक खुर्ची जगातली सगळ्यात चांगली असते. आधीचीही होती.”

“या वेळी स्प्रिंग बदलले. आधीचे माझ्या वजनाला लावले होते. ती बसली तर हलेचना.” मी हे गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

“हलेचना म्हणजे?”

“म्हणजे तेवढं वजनच राहिलं नाही तिच्यात.”

लव्हिना उठली, कापून उरलेला पदार्थ झाकायला लागली. माझ्याकडे पाठ होती. “आईही शेवटी अशीच झाली होती. उचलली तर हाताला लागायची नाही.” बराच वेळ ती झाकणच नीट करत राहिली. मग वळली, पुन्हा हॅस्केलबाई होऊन. “ठोका स्क्रू. पण माझ्या अर्ध्यात एकही नको. आणि मला काही त्रास झाला, कसलाही, तर मी तिथल्या तिथे उभी राहून सांगीन. हे डीकनना सांग. तिलाही सांग.”

डीकनना ते रास्तच वाटलं. एक रविवार बघायचं. शेजाऱ्याची तक्रार आली तर खुर्ची बाहेर, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. शेजारी म्हणजे मागे डीकन स्वतः आणि बाजूला लव्हिना.

केझायाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “म्हणजे तिच्या हातात आहे.”

“हो.”

“बरं.” आणि तिनं कपाटातून तिचा रविवारचा पोशाख काढला. तो आता तिला कुठून कुठून आत घ्यावा लागणार होता.

तो रविवार कडाक्याच्या थंडीचा होता. अ‍ॅन्सेलनं आदल्या दिवशीच चौकट बसवली होती, सगळे स्क्रू भिंतीकडच्या बाजूला. केझाया लवकर आली आणि लव्हिना यायच्या आत आपल्या जागी बसली. लव्हिना आली, दाराशी बसली, पायाखाली तिची शेगडी ठेवली. आमच्याकडे हिवाळ्यात बायका चर्चमध्ये निखाऱ्यांचा छोटा पत्र्याचा डबा आणतात, वर पाय ठेवायला. त्याला उचलायला तारेची कडी असते.

माझा कप्पा बोळाच्या पलीकडे, भिंतीलगतच्या उंच ओळीत, त्यामुळे मला वरून दोघी पायांपर्यंत दिसत होत्या. वर सज्ज्यात अ‍ॅन्सेल गायकांबरोबर त्याचं मोठं व्हायोलिन घेऊन बसलेला, पण त्याचा डोळा तारांवर नव्हता. डीकन मागे टेकून बसले होते. मुद्दाम, पूर्ण पाठ टेकून.

पहिलं भजन झालं. पाद्र्यांनी प्रवचन सुरू केलं. केझाया झुलायला लागली. आपटणं नाही, किरकिर नाही. डीकनच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, आणि थोडी निराशाही म्हणा. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

आणि मग टिक.

परत टिक.

खुर्ची वाजत नव्हती. लव्हिनाची शेगडी वाजत होती. कप्प्याच्या जमिनीच्या फळ्या या भिंतीपासून त्या दारापर्यंत अखंड. अ‍ॅन्सेलनं खुर्ची तपासली होती ती माझ्या दुकानाच्या आणि केझायाच्या घरच्या दगडी फरशीवर, आणि इथे स्क्रू मारून त्यानं ती फळ्यांशी एकजीव केली होती. केझाया झुलली की फळ्या लवायच्या, फळ्या लवल्या की पलीकडचा पत्र्याचा डबा हलायचा आणि कडी वाजायची. लव्हिनानं आपल्या अर्ध्यात एक स्क्रू येऊ दिला नव्हता, तरी अख्खी जमीन तिच्या पायाखाली झुलत होती.

डीकन ताठ झाले. वर अ‍ॅन्सेलनं डोळे मिटून घेतले.

केझायाच्याही लक्षात आलं. तिनं झुलणं थांबवलं. हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट, नजर समोर. टिक थांबली. पाद्री प्रवचनातलं वाळवंट ओलांडत होते आणि ते ओलांडून व्हायला नेहमी वेळ लागतो. मी केझायाचा चेहरा बघत होतो. आधी ओठ, मग गाल, मग कपाळ, सगळं मेणासारखं होत गेलं. ती हलली नाही. हलली तर बाहेर जावं लागणार, न हलली तर कळ येणार, आणि तिनं कळ पत्करली होती.

लव्हिना बहिणीकडे बघत नव्हती. ती तिच्या हातांकडे बघत होती, बोटांच्या पांढऱ्या पडलेल्या पेरांकडे. मग तिनं बाहीतून रुमाल काढला, वाकली, शेगडीच्या कडीखाली तो दाबून कोंबला, आणि वर आपला पाय रोवून ठेवला.

केझाया तरीही हलेना.

“झुल,” लव्हिना पुटपुटली. तोंड पाद्र्यांकडे.

केझायानं मान वळवली. “काय?”

“झुल म्हणतेय. बहिरी पण झालीस का?”

“तुझी शेगडी वाजते.”

“नाही वाजत आता.”

केझाया थोडीशी झुलली. मग आणखी जराशी. आवाज नाही. तिच्या ओठांना रंग यायला वेळ लागला, पण आला. मागून डीकन पुढे वाकले आणि भिंतीवरून कुजबुजले, “मिसेस हॅस्केल, काही वाजत होतं का?”

“तुमचे कान, डीकन,” लव्हिना म्हणाली. “या थंडीत वाजतात कधी कधी. टोपी घालत जा.”

दोन प्रवचनांच्या मधल्या सुट्टीत सगळे शेजारच्या खोलीत ब्राउन ब्रेड आणि चीज खायला जमले. कारकून म्हणून मला रीतसर विचारणं भाग होतं. मी सर्वांसमोर विचारलं, “मिसेस हॅस्केल, तुमची काही तक्रार?”

“पाव शिळा आहे.”

“खुर्चीबद्दल.”

“कसली खुर्ची? मी प्रवचन ऐकत होते.”

डीकननी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. त्यांच्या कानावर जे पडलं ते पडलं होतं, आणि ते खोटं बोलणारे नव्हते. पण शब्द दिला होता तो खुर्चीबद्दल, आणि खुर्ची खरंच वाजली नव्हती. “माझीही नाही,” ते म्हणाले. थोड्या वेळानं अ‍ॅन्सेलला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं की अशी एखादी त्यांच्या उंचीच्या माणसाला घरी लिहितावाचताना कशी काय चालेल. अ‍ॅन्सेलनं त्यांचं वजन विचारलं. तेवढं शिकला होता तो.

केझाया त्या खोलीत आली नाही. परत उठून बसणं तिला नको होतं. कोणीतरी तिच्यासाठी पाव आणि चीज कप्प्यात नेऊन ठेवलं. कोणी ते मी बघितलं नाही, पण ते ज्या निळ्या फडक्यात बांधलं होतं तसली फडकी टेकडीवरच्या घरात पुष्कळ आहेत.

दुपारचं प्रवचन सकाळच्यापेक्षा लांब असतं, आणि पोट भरलेलं असतं. केझाया एका लयीत झुलत होती. फळ्या लवत होत्या, वर येत होत्या. त्यांच्याबरोबर लव्हिनाचं बाक, लव्हिनाची टोपी, लव्हिनाची हनुवटी, सगळं अगदी हळू मागेपुढे होत होतं. दुसऱ्या मुद्द्यापर्यंत तिचे डोळे जड झाले. तिसऱ्यापर्यंत मिटले. जी बाई जोएलकडे बघून नाक मुरडायची ती कप्प्याच्या दाराला टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली. झोपेत पाय मात्र शेगडीवरच रोवलेला होता.

आशीर्वाद झाला. लोक उठले, दारं उघडली, बोळात घोंगड्यांची आणि बुटांची गर्दी झाली. केझाया उठली नाही. तिला आता खुब्यासाठी झुलायची गरज नव्हती. घरी जायला उभंच राहायचं होतं. तरी ती झुलत होती.

मी त्यांच्या कप्प्याशी गेलो आणि लव्हिनाला उठवावं म्हणून दाराला हात लावला.

“राहू दे,” केझाया हलक्या आवाजात म्हणाली.

“चर्च रिकामं झालं, केझाया. शेजारच्या खोलीतली आग विझवून कुलूप लावायला येतील.”

“मग त्यांना सांग, थांबा म्हणावं जरा.” तिनं खुर्चीचा झोका आणखी हळू केला. “आणि बाहेरचं ते मोठं दार लावून घे, एलिफ. वारा थेट तिच्या मानेवर येतोय.”